नळाला पाणी आहे, असं मी लिहिलं होतं

संपादकांचा फोन आला तेव्हा मी सावेडीतल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर उभा राहून टाकी भरली का ते बघत होतो. ते म्हणाले, "पंचायत समितीत चौतीस वर्षं काढलीत, आमच्या अंकासाठी काहीतरी अनुभव लिहा की." मी म्हटलं, "अहो, मी जन्मभर अनुपालन लिहिलं. अनुभव म्हटलं की खरं लिहावं लागेल." ते मोठ्यांदा हसले आणि शब्दमर्यादा सांगून मोकळे झाले.

अनुपालन म्हणजे काय, ते आधी सांगतो. सरकारी तपासणीत कोणीतरी आमची चूक काढतो. तिला आक्षेप म्हणतात. त्या आक्षेपाला कार्यालयानं द्यायचं उत्तर म्हणजे अनुपालन. विचारणाऱ्याला उत्तर मिळाल्यासारखं वाटलं पाहिजे आणि देणाऱ्याला जागचं हलावं लागता कामा नये, ही त्यातली खुबी. पहिल्या वर्षी 'कार्यवाही सुरू आहे' असं लिहायचं. दुसऱ्या वर्षी 'कार्यवाही अंतिम टप्प्यात आहे'. तिसऱ्या वर्षी साहेबांची बदली होते, नवे साहेब येतात, आणि कार्यवाही पुन्हा सुरू होते. माझा या कामात एवढा हातखंडा होता की शेजारच्या तालुक्यातले लोक स्कूटरवर मागे कागदांचा गठ्ठा बांधून माझ्याकडे यायचे. चहा पाजायचे. मी विस्तार अधिकारी होतो, म्हणजे गावोगाव हिंडून ग्रामपंचायतींची कामं बघणं हे माझं काम. हिंडण्याचं काम मी टेबलावर बसूनच उरकत असे, हे आता सांगायला हरकत नाही.

आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा सण म्हणजे विधिमंडळाची समिती. आमदार कायदे करतात, योजना मंजूर करतात, आणि प्रशासनानं त्यांचं नेमकं काय केलं हे बघायला त्यांच्यातलेच काही जण समिती करून जिल्ह्यात येतात. आधी जाडजूड प्रश्नावली येते. मग समिती येते, दोन-चार गावं बघते, आणि शेवटी अधिकाऱ्यांना समोर बसवून साक्ष घेते. काष्टीच्या बाजारात बैलाचे दात बघतात, तसं ते आमच्याकडे बघतात. कल्पना उत्तम आहे. लोकशाहीत असंच पाहिजे.

आमच्याकडे मात्र समिती यायची म्हटली की गवंडी आणि आचारी यांना एकदम बोलावणं जायचं. शाळांना रंग, दवाखान्याच्या शौचालयाला कडी, दहा वर्षं बंद पडलेल्या भिंतीवरच्या घड्याळाला सेल. एकदा रंग इतका ताजा होता की एक आमदार भिंतीला टेकून भाषण ऐकत उभे राहिले आणि पाठीवर पोपटी रंगाचा पट्टा घेऊन पुढच्या गावाला गेले. सांगायची कोणाची छाती होईना. कोणत्या सदस्याला हुरडा लागतो, कोणाला झणझणीत शिपी आमटी चालते, कोणाच्या पोटाला नुसता मऊ भात, ही यादी आम्ही आधीच्या जिल्ह्याकडून फोनवर मागवून घ्यायचो. त्या यादीत एकही चूक चालत नसे. नळाच्या यादीत चालायची.

आता त्या नळाकडे येतो.

गावाचं नाव सांगत नाही. एकाचं नाव घेतलं तर बाकीची गावं म्हणतील, आमच्यात काय कमी होतं? गावाच्या सरपंच सुमनताई. गावानं थेट मतदान करून निवडून दिलेल्या. दहावी नापास, पण तोंडानं पक्क्या. गावात नळ योजना झालेली होती. विहीर, टाकी, घरोघर तोट्या, सगळं. पुढे विहीर आटली, रस्ता रुंद करताना पाइप तुटला आणि तोट्यांवर पोरं चेंडू अडकवायला लागली. बायका दीड कोसावरच्या एका मळ्यातून पाणी आणायच्या.

सुमनताई दर पंधरा दिवसांनी माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहायच्या.

"भाऊसाहेब, नळ कोरडा हाय. टँकर द्या."

"ताई, टँकर टंचाईच्या गावाला मिळतो. तुमच्या गावात पाणी आहे."

"कुठं हाय?"

"आमच्या कागदावर आहे."

"मंग हांडा घिऊन कागदाकडं येऊ का?"

सगळं कार्यालय हसलं. मीही हसलो. पण कागद खरोखरच तसा होता. कधीतरी एका तपासणीत या योजनेवर आक्षेप निघाला होता आणि मी आदल्या वर्षीचं वाक्य जसंच्या तसं उतरवून ठेवलं होतं: योजना पूर्ण, पाणीपुरवठा सुरळीत. गावात मी गेलोच नव्हतो. पुढच्या प्रत्येक वर्षी माझंच वाक्य मला पुरावा म्हणून सापडायचं आणि मी ते पुन्हा उतरवायचो. त्या एका ओळीपायी सुमनताईंचा टँकरचा प्रस्ताव दोन उन्हाळे परत गेला. एक म्हातारी पाणी आणताना बांधावरून पडून मांडी मोडून बसली, तेही ताईंनी सांगितलं. मी "अरेरे" म्हटलं आणि प्रस्ताव परत पाठवला.

मग विधिमंडळाची समिती यायचं ठरलं. सुमनताईंनी आम्हाला न विचारता समितीला साध्या पोस्टानं पत्र धाडलं. आणि भेटीच्या गावांच्या यादीत त्यांचं गाव आलं! आमचे गटविकास अधिकारी, ज्यांना सगळे बीडीओ साहेब म्हणतात, ते यादी हातात घेऊन माझ्या टेबलाशी आले. इतकी वर्षं मीच त्यांच्या टेबलाशी जात होतो.

"भाऊसाहेब, तुमच्या कागदानुसार तिथं पाणी आहे."

"आहे साहेब."

"मग बुधवारी सकाळी दहाला ते नळातून आलं पाहिजे."

पाइपलाइन दुरुस्त करायला चार दिवस पुरणार नव्हते. तेव्हा मी एक युक्ती काढली. शाळेच्या कुंपणाच्या भिंतीला एक तोटी होती. भिंतीमागे कट्टा रचून त्यावर पाचशे लिटरची काळी प्लास्टिकची टाकी ठेवायची, तिची नळी थेट तोटीला जोडायची, वरून कडब्याच्या पेंढ्या रचायच्या. समिती तोटी सोडणार, पाणी येणार, फोटो निघणार, गाड्या हुरड्याकडे. बीडीओ साहेबांनी माझी पाठ थोपटली. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं होतं.

बुधवारी समिती आली. समितीप्रमुख उंचेपुरे, शांत गृहस्थ होते. त्यांनी तोटी सोडली. धो धो पाणी! फोटो निघाले. बीडीओ साहेबांनी माझ्याकडे बघून समाधानानं डोळे मिटले. तेवढ्यात सुमनताई पदर सावरत पुढे आल्या. मला वाटलं, आता बाई तक्रार करणार. पण त्यांनी हात जोडले.

"साहेब, आज गावाला पानी आलं. बायांची लई हौस हाय, तुमच्या हातानं हांडं भरून न्यावं म्हनून. व्हय म्हना."

प्रमुखांना ते आवडलं. कोणाला आवडणार नाही? आणि मारुतीच्या देवळामागून बायका निघाल्या. एकीमागे एक, प्रत्येकीच्या कमरेवर हांडा. रांग देवळाला वळसा घालून कुठवर गेली होती ते मला दिसेना.

पहिला हांडा भरला, टाळ्या झाल्या. दुसरा भरला. पाचव्याला प्रमुखांनी तोटी दुसऱ्या सदस्याच्या हाती दिली. कॅमेरे चालू, मध्येच थांबणार कसं? मी कडब्याशी उभा राहून हिशेब करत होतो. टाकी पाचशे लिटरची, हांडा पंधराचा. माझं गणित शाळेत कच्चं होतं, पण त्या दिवशी बोटंसुद्धा मोडावी लागली नाहीत. विसाव्या हांड्याला धार बारीक झाली. बीडीओ साहेब म्हणाले, "वीज गेली वाटतं." एक सदस्य म्हणाले, "समोर दुकानातला पंखा चालू आहे की." बत्तिसावा हांडा कसाबसा भरला. मग तोटीनं दोनदा फुस्स केलं आणि गप्प बसली.

तेहतिसाव्या हांड्याची म्हातारी तोटीखाली तशीच उभी राहिली. बीडीओ साहेब गोड आवाजात म्हणाले, "आजी, तुम्ही उद्या या हं."

"उद्या तुमी येनार हाय का?" म्हातारीनं विचारलं.

प्रमुख भिंतीला वळसा घालून मागे गेले. त्यांनी स्वतःच्या हातानं एक पेंढी बाजूला केली आणि टाकी बघितली. परत येऊन साहेबांना म्हणाले, "तुमच्याकडे फार कल्पक माणसं आहेत." मी चपलेकडे बघत राहिलो.

दुपारी साक्ष झाली. प्रमुखांनी एकच प्रश्न केला: "गावात पाणी आहे की नाही?" साहेब म्हणाले, "माहिती घेऊन सांगतो." समितीनं आदेश दिला की पंधरा दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. मग सगळे हुरड्याला गेले. कणसं कोवळी होती, शेंगदाण्याची चटणी झकास जमली होती, आणि त्या यादीत खरोखर एकही चूक झाली नाही.

मोठ्या पदावरच्या माणसाला काढायचं तर महाभियोग चालवतात म्हणे. त्याला पुरावे लागतात, चौकशी लागते, वर्षं लागतात. गावाकडे सरपंचाला काढायला अविश्वास ठराव असतो. पाण्याच्या या प्रकरणात कोणावर तरी कारवाई होणार हे ठरलेलंच होतं. ती सुमनताईंवर झाली.

आठवड्यातच उपसरपंच भानुदासराव ठरावाचा कच्चा मसुदा घेऊन आले. त्यांच्या भावानं नळ योजनेचं काम केलं होतं, तेव्हा त्यांचं दुःख खरं होतं. मसुद्यात लिहिलं होतं, 'सरपंचांनी समितीसमोर नळातलं पाणी संपवून गावाची बदनामी केली.'

"भाऊसाहेब, जरा कायद्यात बसवून द्या."

मी लाल पेन घेतलं. ते वाक्य खोडून त्याजागी 'सदस्यांना विश्वासात न घेता मनमानी कारभार करतात' असं लिहिलं. हे कारण कोणत्याही सरपंचाला कोणत्याही ऋतूत लागू पडतं. असल्या सुधारणा मी हसत हसत करायचो, भाजी निवडल्यासारख्या.

मग रिवाजाप्रमाणे सदस्य सहलीला गेले. ठरावाआधी सदस्यांना गावात ठेवत नाहीत, कोणी फोडेल म्हणून. आठही जण कोकणात समुद्र बघून आले आणि उन्हानं काळवंडलेली तोंडं घेऊन, हातात काजूच्या पिशव्या सांभाळत, जीपमधून थेट मतदानाला उतरले. नऊपैकी आठ मतं ठरावाच्या बाजूनं, नववं ताईंचं स्वतःचं.

पण तेवढ्यानं सुमनताई जात नव्हत्या. सरपंच गावानं थेट निवडलेला असला की सदस्यांचा ठराव ग्रामसभेपुढे ठेवतात आणि गाव गुप्त मतदान करतं. गाव नको म्हणालं तर ठराव पडतो. ताई निर्धास्त होत्या. मला म्हणाल्या, "सदस्य गेले समुद्राकडं, जाऊ द्या. वरच्या वस्तीतल्या बाया माझ्या हायेत. त्या येत्याल."

ग्रामसभा ठरली सोमवारी सकाळी अकरा वाजता, शाळेच्या पटांगणात.

त्याआधीच्या गुरुवारी बीडीओ साहेबांनी मला बोलावलं. "त्या गावाचा टँकरचा प्रस्ताव पडून आहे ना? काढा. टंचाई आहे, माणुसकी म्हणून काही आहे की नाही? सोमवारपासून सुरू करा."

माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, चला, आपल्या हातून शेवटी काहीतरी चांगलं होतंय. निवृत्तीला तीन महिने उरले होते. फाइल मी एका दिवसात केली, स्वतः हातात घेऊन सगळ्यांच्या सह्या आणल्या. त्यात लिहिलं, 'गावात तीव्र पाणीटंचाई असून एकही नळ चालू नाही.' त्याच दिवशी, त्याच पेनानं समितीचा खुलासाही लिहिला, 'गावातील पाणीपुरवठा सुरळीत असून भेटीच्या दिवशी तांत्रिक कारणाने अडथळा आला.' दोन्ही कागद एकाच पिशवीतून गेले. मला तेव्हा त्यात काही चुकीचं वाटलं नाही. एकात टँकर मागायचा होता, दुसऱ्यात साहेबांना वाचवायचं होतं.

टँकरच्या फेरीचा तक्ता शेवटी साहेबांच्या केबिनमधून आला. पहिली फेरी, वरची वस्ती, सोमवार, सकाळी अकरा.

बायकोला मी बरेच दिवस सांगत होतो की ती वेळ माझ्या लक्षात आली नाही. लक्षात आली होती. मी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि सही केली. वेळ बदलायला एक फोन पुरला असता. फोन टेबलावरच होता.

सोमवारी पटांगणात सतरंज्या अंथरल्या होत्या. पुरुषांची बाजू गच्च भरली. बायकांच्या बाजूला दहा-बाराजणी, त्यातही भानुदासरावांच्या घरातल्याच जास्त. मी सभेच्या अधिकाऱ्यांशेजारी कागद लावत बसलो होतो. सुमनताई सारख्या वरच्या वस्तीच्या वाटेकडे बघत होत्या.

"जरा थांबा साहेब. बाया येतेत. निघाल्या असत्याल."

अधिकारी सरळ माणूस होता. घड्याळ बघून म्हणाला, "ताई, थांबायची तरतूद नाही."

तेवढ्यात वस्तीकडून टँकरचा हॉर्न ऐकू आला. दोनदा, लांबलचक. ताईंनी भानुदासरावांकडे बघितलंच नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. चौतीस वर्षांत माझ्याकडे कित्येक माणसं रागानं बघून गेली असतील, मला कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी वाटलं. ताई रागावल्या नव्हत्या, त्यांना नुसतं कळलं होतं.

वाटेनं एकटी म्हातारी झपझप येताना दिसली. तेहतिसाव्या हांड्याची तीच.

"बाकीच्या कुठं हायेत?" ताईंनी विचारलं.

"टँकर आलाय बाई," म्हातारी धापा टाकत म्हणाली. "पयल्यांदा आलाय. रांग सोडली तर पानी जातं. मी माझा हांडा नंबरात ठिऊन आले, चिठ्ठी द्या लवकर."

तिनं चिठ्ठी टाकली आणि तशीच माघारी पळाली. चिठ्ठ्या मोजल्या. सुमनताई एकोणीस मतांनी गेल्या. वरच्या वस्तीच्या रांगेत साठ-सत्तर बायका उभ्या होत्या, असं नंतर टँकरच्या ड्रायव्हरनं मला सांगितलं.

फटाके वाजले. मी कागद गोळा करून खाली मान घालून निघालो तर ताईंच्या घरावरूनच वाट. त्यांनी ओसरीवरून हाक मारली. जावं लागलं. त्यांनी तांब्याभर पाणी आणून पुढे ठेवलं.

"घ्या भाऊसाहेब. ताजं हाय. तुमच्याच टँकरचं."

मी म्हणालो, "ताई, माझं चुकलं."

"तुमचं काय चुकलं? टँकर मीच मागितला हुता ना दोन साल," त्या म्हणाल्या. "मंग आता आला म्हनून तक्रार कशी करू?"

मी तांब्या संपवला. मला लाज वाटली, अजून वाटते. याहून चांगला शब्द मला सापडत नाही आणि या एका ठिकाणी मला तो शोधायचाही नाही.

तीन महिन्यांनी मी निवृत्त झालो. शाल, नारळ, आणि साहेबांचं भाषण: "भाऊसाहेबांच्या कारकिर्दीत या कार्यालयाचा एकही आक्षेप अनुत्तरित राहिला नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टँकर पावसाळ्यात बंद झाला. नळ होते तसेच राहिले.

पुढच्या वर्षी माझ्या टेबलावर आलेल्या जगताप मॅडमचा फोन आला. बिचाऱ्या गोंधळल्या होत्या. "सर, समितीचं पत्र आहे. एकाच आठवड्यात एकाच गावात पाणी आहे आणि नाही, असं आपल्या कार्यालयानं कसं कळवलं, म्हणून विचारतायत. दोन्हीवर तुमची सही आहे. काय उत्तर लिहू?"

मी म्हटलं, "लिहा, पाणी नव्हतं. भाऊसाहेबांनी न बघता लिहिलं."

"असं कसं लिहू सर? ते अनुपालनात बसत नाही."

बसत नाही, हे मलाच तर जास्त ठाऊक होतं. म्हणून मी घरी बसून स्वतः समितीला पत्र लिहिलं. टाकी, कडबा, लाल पेन, टँकरची वेळ, सगळं. चार पानं झाली. बायकोनं वाचलं, पाकिटावर तिकिटं चिकटवून स्वतःच टपालात टाकून आली. पेन्शनला धक्का लागला तरी चालेल, असं मी मनाशी ठरवलं होतं. पहिल्यांदाच मी खरं अनुपालन लिहिलं होतं आणि झोप छान लागत होती.

पाच महिने गेले. मग पुन्हा जगताप मॅडमचाच फोन आला.

"सर, तुमचं समितीला लिहिलेलं पत्र आपल्याकडे आलंय. उचित कार्यवाहीसाठी. अनुपालन मागितलंय."

"माझं पत्र? माझ्याच टेबलावर?"

"हो सर. आठ दिवसांची मुदत आहे. 'योजना पूर्ण, पाणीपुरवठा सुरळीत' असं जुन्या फाइलमध्ये एक वाक्य आहे, तेच उतरवू का?"

मी म्हणालो, "मॅडम, हात जोडतो. आधी त्या गावात जा. शाळेच्या भिंतीला तोटी आहे, ती फक्त सोडून बघा. मग काय ते लिहा."

त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "अनुपालनासाठी नळ सोडून बघायचा असतो का सर?"

मला रागावता आलं नाही. चौतीस वर्षांत मी तरी कुठे सोडून बघितला होता?